स्कॉटलंड स्ट्रीटचा कारखाना : मॅकओनी ते मिर्लीस वॉटसन

साखर कारखान्याच्या स्मरणिकेत संस्थापकांची छायाचित्रे असतात, पहिल्या संचालक मंडळाची नावे असतात, गळिताचे आणि उताऱ्याचे वर्षवार तक्ते असतात. ज्यांनी यंत्रे घडवली त्यांचा इतिहास मात्र सहसा येत नाही. संपादक मंडळाने या वेळी तो मागितला याचे मला मनापासून समाधान वाटते. आपल्या मिल हाउसमध्ये आणि पॅन फ्लोअरवर जे काही उभे आहे, त्याचा बराचसा घाट राणी व्हिक्टोरियाच्या काळात ग्लासगोच्या फाउंड्र्यांत पक्का झाला. तिथे साखरेची यंत्रे करणारे कारखाने पुष्कळ होते. ए. अँड डब्ल्यू. स्मिथ, डंकन स्टुअर्ट, जॉन मॅकनील ही नावे जुन्या अभियंत्यांच्या कानांवरून गेलेली असतील. त्यांपैकी मिर्लीस वॉटसन या एका कारखान्याची हकीकत इथे सांगतो.

कारखाना सुरू झाला १८४० साली. पीटर आणि विल्यम मॅकओनी या भावांनी तो काढला. त्या वेळचे ग्लासगो यंत्रांच्या धंद्याला सर्व बाजूंनी सोयीचे होते. लॅनार्कशायरचा कोळसा आणि लोहखनिज हाताशी होते. १८२८ साली जेम्स बोमाँट नीलसन यांनी ग्लासगोतच भट्टीत थंड हवेऐवजी तापवलेली हवा सोडण्याची युक्ती काढली होती आणि तिच्यामुळे टनभर लोखंडासाठी लागणारा कोळसा निम्म्याहून कमी झाला होता. बिडाचे ओतकाम स्वस्त पडू लागले. क्लाइड नदीतून जहाजे थेट वेस्ट इंडीजला जात. नदीच्या मुखाजवळ ग्रीनॉकला कच्ची साखर शुद्ध करणाऱ्या रिफायनऱ्या होत्या, म्हणजे साखरेची जाण असलेली माणसेही जवळच होती. जेम्स वॉट हा ग्रीनॉकचाच. वाफेच्या एंजिनाला वेगळा कंडेन्सर जोडण्याची कल्पना त्याला ग्लासगोच्या हिरवळीवर फिरताना सुचली, हे तर आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

पण कोळसा, लोखंड आणि नदी एवढ्यावर हा धंदा उभा राहिला नाही. ग्लासगोच्या व्यापाऱ्यांची वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांत मोठी गुंतवणूक होती आणि ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर ‘उमेदवारी’ या नावाखाली तीच माणसे त्याच मालकांकडे आणखी चार वर्षे राबवली गेली आणि १८३८ मध्ये ती खरोखर मोकळी झाली. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले. ते दिले मालकांना. गुलामांना एक पेनीही मिळाली नाही. मळेवाल्यांच्या हाती पैसा आला आणि हातची माणसे गेली, तेव्हा गयाना, त्रिनिदादसारख्या वसाहतींत वाफेच्या गिरण्यांची मागणी वाढू लागली. मॅकओनींच्या कारखान्याचा जन्म या मुक्तीनंतरच्या दोन वर्षांच्या आतला आहे. तारखा शेजारी ठेवल्या की हे आपोआप दिसते, आणि संस्थेचा इतिहास लिहिताना त्या शेजारी ठेवल्याच पाहिजेत असे मला वाटते.

१८४६ साली ब्रिटनने साखरेवरील आयात जकातीतला भेदभाव काढून टाकायचा कायदा केला. वसाहतींची साखर आणि परकी साखर टप्प्याटप्प्याने एका पातळीवर आली. क्यूबा आणि ब्राझील यांची साखर ब्रिटिश बाजारात स्वस्तात येऊ लागली आणि तिथले मळे झपाट्याने वाढले. क्यूबात गुलामगिरी १८८६ पर्यंत चालू होती, ब्राझीलमध्ये १८८८ पर्यंत. ग्लासगोच्या यंत्रांना या दोन्ही देशांत चांगले गिऱ्हाईक होते. स्वतःच्या साम्राज्यात गुलामगिरी बंद करणाऱ्या देशाचे कारखाने दुसऱ्यांच्या गुलाम-मळ्यांना गिरण्या पुरवत राहिले.

१८४८ च्या सुमारास जेम्स बुकॅनन मिर्लीस भागीदार म्हणून आले. थोड्याच काळात विल्यम मॅकओनी बाहेर पडले आणि त्यांनी भाऊ अँड्र्यू यांच्यासह डब्ल्यू. अँड ए. मॅकओनी हा दुसरा कारखाना काढला. तोही साखरेच्या यंत्रांचाच. त्याचीही भरभराट झाली. विल्यम मॅकओनी १८८३ ते १८८६ या काळात ग्लासगोचे लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे नगराचे प्रथम नागरिक होते. मूळ कारखान्यात मिर्लीस यांच्या जोडीला टेट नावाचे भागीदार आले, पुढे विल्यम रेनी वॉटसन आले, मग टेट निवृत्त झाले. भागीदार बदलला की पाटी बदले. कारखान्याचा पत्ता मात्र स्कॉटलंड स्ट्रीट, क्लाइडच्या दक्षिण काठावरच्या ट्रेडस्टन भागाला लागून. मिर्लीस हे शांतपणे धंदा वाढवणारे गृहस्थ होते. १८२२ चा जन्म, १९०३ साली मृत्यू. कारखाना लहान असताना ते आले आणि जगभर नाव झालेले पाहून गेले. वॉटसन यांचा पिंड वेगळा. नव्या शोधांवर त्यांची बारीक नजर असे आणि परवाना घेऊन ते यंत्र आपल्याकडे करायचे धाडस त्यांच्यात होते. पुढे ते ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचे अध्यक्षही झाले.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे येऊ, कारण या कारखान्याची खरी ओळख तिथेच आहे. त्या काळातली मुख्य वस्तू म्हणजे तीन लाटांची आडवी गिरणी. वर एक टॉप रोलर, खाली फीड आणि डिस्चार्ज असे दोन रोलर. ही मांडणी जुनी होती. १७५४ मध्येच जॉन स्मीटन यांनी जमैकासाठी आडव्या लाटांच्या गिरणीचा आराखडा केला होता. ग्लासगोने त्याला वजन आणि टिकाऊपणा दिला. लाटेचे कवच खडबडीत दाण्याच्या बिडाचे ओतायचे, म्हणजे झिजतानाही पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि ऊस निसटत नाही. ते तापवून शाफ्टवर चढवायचे. थंड होताना कवच आकसते आणि शाफ्टला असे आवळून बसते की घणाने हलत नाही. दोन्ही बाजूंना लाटा पेलणारे जाडजूड हेडस्टॉक. खालच्या दोन रोलरच्या मधे वाकडी ट्रॅश प्लेट, पहिल्या दाबातून निघालेले चिपाड दुसऱ्या दाबाकडे वळवणारी. ही प्लेट थोडी वर बसली की गिरणी अडखळते, थोडी खाली बसली की चिपाड साचते. कोणत्याही जुन्या मिल फिटरला विचारा, ऑफ सीझनमध्ये सर्वांत जास्त वेळ कुठे जातो. तो याच प्लेटचे नाव सांगेल.

वाफेचे एंजिन झपाट्याने फिरते आणि लाटा मात्र मिनिटाला दोन-तीनच फेरे घेतात. या दोहोंच्या मधे दातेरी चाकांचे दोन टप्पे लागत. त्यांतले मोठे चाक माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे असे आणि ते तुकड्यांत ओतून, मळ्यावर नेऊन, बोल्टांनी जोडावे लागे. आपल्याला विसर पडतो की या यंत्रांचा शेवटचा प्रवास बैलगाड्यांतून, खेचरांच्या मागून, चिखलातून होत असे. म्हणून प्रत्येक सुटा भाग किती वजनाचा ठेवायचा हा गणिताइतकाच रस्त्याचाही प्रश्न होता. यंत्राबरोबर कारखान्याचा एक माणूस जाई, पाया भरण्यापासून पहिले गाळप होईपर्यंत थांबे. त्यांतल्या कितीएकांना तिकडच्या पिवळ्या तापाने गाठले.

बैलांच्या किंवा पाणचक्कीच्या जुन्या गिरणीत शंभर किलो उसातून पन्नासेक किलो रस निघे. वाफेची गिरणी साठ-पासष्टपर्यंत जाई. उरलेली साखर चिपाडातच जळून जाई. ती काढण्यासाठी दोन वाटा सापडल्या. एक म्हणजे एकामागे दुसरी, तिसरी गिरणी लावायची आणि मधे चिपाडावर पाणी शिंपडायचे. आपण ज्याला इंबिबिशन म्हणतो ते हेच. दुसरी वाट ग्लासगोच्याच डंकन स्टुअर्ट यांनी १८७० च्या दशकात चालू केली. टॉप रोलरवर स्क्रूऐवजी पाण्याचा दाब ठेवायचा. मोळी जाड आली तर रोलर उचलला जातो, गेली की पुन्हा खाली बसतो, पण दाब ढळत नाही. लोखंडाचा तुकडा चुकून आला तरी हेडस्टॉक फुटत नाही. मिर्लीससकट सर्वांनाच पुढे या वाटेने जावे लागले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वेस्ट इंडीजच्या जुन्या गिरण्यांशेजारी एक कुऱ्हाड टेकवून ठेवलेली असे. ऊस लावणाऱ्याचा हात लाटांत गेला तर गिरणी थांबेपर्यंत अख्खा माणूस ओढला जाई, म्हणून हातच तोडून टाकायचा. गुलामगिरीच्या काळातल्या अनेक नोंदींत ही कुऱ्हाड येते. पुढे वाफेच्या गिरण्यांना ऊस वाहून आणणारा पट्टा जोडला गेला आणि माणूस लाटांपासून चार हात दूर झाला. आपण हंगामाच्या सुरुवातीला ज्या गव्हाणीची पूजा करतो, नारळ वाढवून मोळी टाकतो, ती गव्हाण माणसांचे हात वाचवणारी आहे. मला तरी तिच्या पूजेचे हे कारण पुरेसे वाटते.

गिरणीनंतर उकळणे. जुन्या मळ्यांत उघड्या कढयांची रांग असे, मोठीतून लहानीत रस पळीने ढकलत न्यायचा. आपल्या गुऱ्हाळात एका काहिलीवर जे चालते तेच तिथे चार-पाच कढयांवर चाले, आणि गुळव्यासारखाच एक जाणता माणूस शेवटच्या कढईशी उभा असे. पण उघड्यावर रस शंभर अंशांच्या वर तापतो, त्यात साखर करपते आणि बरीचशी मळीत जाते. १८१३ मध्ये एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी बंद पॅनमधली हवा काढून साठ-सत्तर अंशांवर पाक उकळून दाखवला. त्यानंतर १८४० च्या दशकात लुइझियानात नॉर्बर रिलियू यांनी त्यापुढची पायरी गाठली. पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ होते तिनेच दुसरे भांडे तापवायचे, दुसऱ्याच्या वाफेने तिसरे. तीन भांडी असतील तर एक किलो वाफेत जवळपास तीन किलो पाणी उडते. रिलियू हे गोरा बाप आणि मिश्रवर्णी आई यांचे पुत्र. जन्माने स्वतंत्र असूनही न्यू ऑर्लीन्सच्या समाजात त्यांना बरोबरीची जागा नव्हती. आज आपल्या कारखान्यात चार भांड्यांचा क्वाड चालतो, पाच भांड्यांचा पेंटा चालतो. चिपाडावर बॉयलर पेटवून वर वीज विकणे परवडते. या सगळ्याच्या मुळाशी त्यांचे नाव आहे, आणि ते साखर धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

व्हॅक्यूम पॅन, ट्रिपल इफेक्ट, दाणे आणि मळी वेगळी करणारी सेंट्रिफ्युगल यंत्रे हे सारे मिळून जो संच होतो तो एका छपराखाली करून देणे, ही ग्लासगोच्या मोठ्या कारखान्यांची ताकद होती. मळेवाल्याने जमिनीचा नकाशा आणि रोजचे गाळप कळवायचे, बाकी सारे आराखड्यापासून उभारणीपर्यंत कारखाना पाही. १८८० नंतर तर तशी गरजच पडली. युरोपातले बीट तिथल्या सरकारांच्या अनुदानावर वाढले, जगातली निम्म्याच्या आसपास साखर बीटची होऊ लागली आणि भाव कोसळले. लहान मळ्यांच्या लहान गिरण्या बंद पडल्या. टिकायचे तर चार-सहा मळ्यांचा ऊस एका मोठ्या मध्यवर्ती कारखान्यात आणणे भाग होते. १८८९ मध्ये मिर्लीस आणि वॉटसन यांनी अमेरिकेतल्या ओहायोच्या होमर यार्यन यांच्या बाष्पीभवन यंत्राचे हक्क घेतले आणि कंपनीच्या नावातच यार्यन हे नाव घातले. या यंत्रात रस नळ्यांतून पातळ थराने वेगाने जाई आणि थोडाच वेळ तापे. पुढे नावातून यार्यन गळाले आणि ‘द मिर्लीस वॉटसन कंपनी’ एवढे उरले.

आता मॉरिशस. आपल्या दृष्टीने हा या इतिहासातला सर्वांत जवळचा भाग. मॉरिशसच्या साखर कारखान्यांत पॅरिसच्या कायल कंपनीसारख्या फ्रेंच कारखान्यांची यंत्रे होती, तशीच ग्लासगोचीही होती. आणि त्या यंत्रांना ऊस पुरवायला माणसे गेली ती हिंदुस्थानातून. १८३४ पासून पुढच्या आठ-नऊ दशकांत जवळजवळ पाच लाख माणसे करारावर मॉरिशसला उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून, पण मुंबईहूनही जहाजे गेली आणि त्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली कुटुंबे होती. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या पायऱ्यांनी ही माणसे वर आली, ते आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवून घेतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते आणि कोकणातली जाखडी तिथे नाचली जाते.

ग्लासगोचे लोखंड आणि रत्नागिरीची माणसे दोन वेगळ्या जहाजांनी एकाच बेटावर आली. लोखंडाची किंमत, माप, वजन आणि रवानगीची तारीख कारखान्याच्या वहीत आहे. माणसांचीही वही आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

स्कॉटलंड स्ट्रीटच्या इतिहासातले सर्वांत अनपेक्षित वळण १८९७ सालचे. त्या वर्षी फेब्रुवारीत जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे रुडॉल्फ डीझेल यांच्या एंजिनाची अधिकृत चाचणी झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे काम झाले. वाफेची चांगली एंजिने तेव्हा याच्या निम्म्यापर्यंत जेमतेम पोचत. वॉटसन लगोलग आउग्सबुर्गला गेले. डीझेलच्या पेटंटांवर लॉर्ड केल्व्हिन यांचे मत घेतले गेले. केल्व्हिन ग्लासगो विद्यापीठातच होते आणि त्यांचे मत अनुकूल पडले. कंपनीने ब्रिटनसाठी परवाना घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमधले पहिले डीझेल एंजिन बांधले. ते बांधणारे हात साखरेच्या गिरण्या करणाऱ्यांचे होते. आज ते एंजिन चेशायरमधल्या पॉइंटन इथे अँसन एंजिन संग्रहालयात आहे. पुढे ब्रिटिश नौदलानेही जहाजांवर वीज करण्यासाठी मिर्लीसची एंजिने घेतली. १९०७ मध्ये मिर्लीस, बिकर्टन अँड डे ही वेगळी कंपनी काढून हा धंदा स्टॉकपोर्टजवळ हेझल ग्रोव्हला नेला. साखर ग्लासगोत राहिली, डीझेल इंग्लंडला गेले.

आपल्या ऊसपट्ट्यात विहिरीवर धडधडणारे डीझेल एंजिन आठवते ते किर्लोस्करांचे. किर्लोस्कर ऑइल एंजिन्स पुण्यात १९४६ साली सुरू झाली. उसाला पाणी देणाऱ्या यंत्राचे ब्रिटनमधले पहिले भावंड ऊस गाळणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात जन्मले, याची मला मोठी मौज वाटते.

मिर्लीस घराण्यातली एक वेगळी व्यक्ती म्हणजे होप मिर्लीस. १८८७ साली जन्मलेली ही कवयित्री. तिची पॅरिसवरची दीर्घ कविता व्हर्जिनिया वुल्फ आणि त्यांचे पती यांच्या होगार्थ प्रेसने १९२० मध्ये छापली आणि इंग्रजी आधुनिक कवितेच्या अभ्यासात ती आज मानाने वाचली जाते. साखरेच्या यंत्रांच्या पैशावर वाढलेल्या मुलीने ती लिहिली, हे कवितेचे अभ्यासक सांगतात. आपणही सांगायला हरकत नाही.

विसाव्या शतकाची कहाणी थोडक्यात सांगता येते. हिंदुस्थानात १९३२ साली साखर धंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि तीसेक कारखान्यांचे चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर कारखाने झाले. त्यांची बहुतेक यंत्रसामग्री परदेशांतूनच आली. ब्रिटिश कारखान्यांना ही मागणी मंदीच्या दिवसांत फार उपयोगी पडली. पण याच मागणीत त्यांच्या शेवटाचे बीज होते, कारण ज्या देशाला एवढ्या गिरण्या लागतात तो देश फार दिवस त्या बाहेरून आणत नाही. स्वातंत्र्यानंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाराचा मार्ग घातला, राज्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर देशी यंत्रनिर्मितीही. तिकडे १९६० च्या दशकात टेट अँड लाइल (हे टेट वेगळे) या साखर कंपनीच्या छत्राखाली स्मिथ आणि मिर्लीस हे दोन जुने प्रतिस्पर्धी एकत्र आले. पुढे सगळेच काम आटोपत गेले आणि ग्लासगोतली साखर-यंत्रांची परंपरा संपली.

स्कॉटलंड स्ट्रीट अजून आहे. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या मोठ्या वास्तुविशारदाने १९०३ ते १९०६ या काळात बांधलेली शाळा तिथे उभी आहे. आसपासच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी ती होती. कारखाने गेले, वस्ती पांगली, बाजूने मोठा मोटाररस्ता आला आणि १९७९ मध्ये मुलेच उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. पुढे तिचे संग्रहालय केले गेले. सुरुवातीला सांगितलेल्या गुलाम-मळ्यांची बाजूही शहराने मान्य केली : २०२२ च्या मार्चमध्ये ग्लासगो महापालिकेने गुलामांच्या व्यापाराशी शहराच्या असलेल्या नात्याबद्दल अधिकृत माफी मागितली.

मिर्लीस वॉटसनचे कागद ग्लासगो विद्यापीठाच्या दप्तरखान्यात आहेत. मॉरिशसला मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारी मजुरांची नोंदबुके आहेत. त्यांत प्रत्येक माणसाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठवले ते लिहिलेले आहे. पुढच्या काळातल्या कितीएकांची छायाचित्रेही आहेत. मळ्यांची नावे दोन्हींकडे सापडतात. साखर शाळांतून आणि विद्यापीठांतून शिकलेल्या आपल्या मुलांपैकी कुणी ही दोन दप्तरे शेजारी ठेवून वाचली, तर रत्नागिरीच्या कोणत्या गावचा माणूस ग्लासगोच्या कोणत्या गिरणीवर उभा होता हे नावानिशी सांगता येईल. त्यासाठी लागणारी शिष्यवृत्ती साखर कारखान्यांनी द्यावी, अशी या स्मरणिकेच्या निमित्ताने माझी सर्व संचालक मंडळांना विनंती आहे.